दोष एकट्या चेतापेशीचा नव्हे

महोदय,

आपल्या वृत्तपत्राच्या आरोग्यविषयक पुरवणीत मोटर न्यूरॉन डिसीज, म्हणजे एमएनडी, या आजारावर नुकताच जो लेख आला, त्यात ‘हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या चेतापेशी मरतात, म्हणून हा आजार होतो’ असे एक वाक्य होते आणि लगेच पुढच्या परिच्छेदात मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी सोडण्याच्या उपचाराची भलामण होती. पहिले वाक्य चुकीचे नाही, पण अपुरे आहे, आणि त्या अपुरेपणामुळेच दुसरा परिच्छेद वाचकाला पटून जातो. हे सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी ३१ वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवले आणि मीही वर्गात हेच वाक्य सांगत आले, हे आधीच कबूल केलेले बरे.

माझा थोरला भाऊ गिरगावात शिवणकाम करीत असे. गणपतीच्या आधीच्या घाईत एकदा त्याच्या हातून कात्री सुटू लागली. अंगठा आणि तर्जनी यांची पकड ढिली पडली, अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा हळूहळू बसत गेला, करंगळीकडची बाजू मात्र तशीच भरलेली राहिली. पंजाची अशी एकच बाजू आधी झिजणे ही या आजाराची वैद्यकशास्त्राला चांगली परिचित असलेली खूण आहे, हे मला फार उशिरा कळले. तोवर एक्स-रेमध्ये मानेच्या मणक्यांची झीज दिसली होती (साठीच्या माणसाच्या एक्स-रेत ती न दिसली तरच नवल) आणि गळ्यातला पट्टा, शेक, व्यायाम यांत नऊ महिने गेले होते. मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही, दुखणे नाही आणि तरीही हात झिजतो आहे, या विसंगतीकडे कुणाचेही लक्ष गेले नाही. जीवशास्त्र शिकवणाऱ्या बहिणीचेही नाही.

आता मूळ मुद्दा. मेंदूच्या पृष्ठभागावरील हालचालींच्या पट्ट्यातून निघालेला संदेश मज्जारज्जूपर्यंत येतो, तिथली चेतापेशी तो स्वीकारते आणि आपल्या लांब तंतूतून स्नायूपर्यंत नेते; पायाच्या पंजाकडे जाणारा हा तंतू जवळजवळ एक मीटर भरतो. या वाटेवर संदेशाला पेशी बदलावी लागते, आणि जिथे ती बदलते तिथे अतिशय अरुंद फट असते. ती फट आणि तिच्या दोन्ही काठांवरची यंत्रणा म्हणजे सायनॅप्स, आपण चेतासंधी म्हणू. हा शब्द चार्ल्स शेरिंग्टन यांनी १८९७ मध्ये रूढ केला. त्यापूर्वी सांतियागो रामोन इ काहाल यांनी चेतापेशी एकमेकींपासून सुट्या असतात हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले होते, तर कामिल्लो गोल्जी अखेरपर्यंत सलग जाळ्याचीच कल्पना धरून होते. १९०६ चे नोबेल दोघांना विभागून मिळाले आणि गोल्जींनी पारितोषिकाच्या भाषणातसुद्धा आपलाच मुद्दा लावून धरला! मज्जारज्जूतल्या एकेका चेतापेशीवर असे हजारो सांधे असतात, काही तिला चेतवणारे आणि काही आवरून धरणारे. तिच्या तंतूच्या टोकाशी स्नायूबरोबरचा सांधा असतो आणि तिथे ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन संदेश पलीकडे पोचवते.

आजाराची सुरुवात पेशीच्या मृत्यूने होते, ही समजूत या शेवटच्या सांध्यापाशीच अडखळते. एसओडी-१ या जनुकातला दोष या आजाराचे एक कारण असल्याचे १९९३ मध्ये कळले आणि पुढच्याच वर्षी तो दोष असलेले उंदीर प्रयोगशाळेत तयार झाले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा उंदरांचे टप्प्याटप्प्याने परीक्षण केले गेले. सत्तेचाळिसाव्या दिवशीच स्नायूंवरचे सांधे तुटू लागलेले दिसले, ऐंशीव्या दिवसापर्यंत मज्जारज्जूतून बाहेर पडणारे तंतू मोठ्या प्रमाणात नाहीसे झाले, आणि पेशींची मुख्य शरीरे कमी होऊ लागली ती त्याच्याही नंतर. त्याच अभ्यासात एका रुग्णाचे शवविच्छेदन होते. आजार अंगात असताना तो अनपेक्षितपणे दगावला होता. त्याच्या स्नायूंत सांधे तुटल्याच्या आणि पुन्हा जुळल्याच्या खुणा होत्या, मज्जारज्जूतल्या पेशी मात्र दिसायला धडधाकट होत्या. एका रुग्णावरून सिद्धांत उभा करू नये, हे खरे; पण आधी टोक सुटते आणि मग मूळ वाळते, या कल्पनेला त्यातून बळ मिळाले.

‘पुन्हा जुळल्याच्या’ हे दोन शब्द मला विशेष महत्त्वाचे वाटतात. एका पेशीचा तंतू मागे हटला की त्याने सोडलेले स्नायूधागे पोरके होतात. तेव्हा शेजारच्या पेशीचा तंतू नवी फांदी काढून त्या पोरक्या धाग्यांना आपल्यात घेतो. बाहेरून ताकद तशीच दिसते. रोग आत पुढे सरकत असतो आणि माणूस कात्री चालवत असतो. शेजारच्या पेशींनाही हा भार झेपेनासा झाला की अशक्तपणा दिसू लागतो, आणि तोवर बऱ्याच पेशी कामातून गेलेल्या असतात. ईएमजी या, स्नायूंतल्या विद्युत लहरी नोंदवणाऱ्या, तपासणीत नेमकी हीच दत्तक व्यवस्था मोठ्या, बेढब लहरींच्या रूपाने उमटते. म्हणून हात झिजत असताना संवेदना शाबूत असेल तर न्यूरॉलॉजिस्टकडे जाऊन ही तपासणी लवकर करून घेणे आवश्यक असते. आमच्या घरात ‘अचानक आले’ असे सगळे म्हणत होते. अचानक काहीच आले नव्हते.

या आजाराचा ओघ खालून वर जातो की वरून खाली येतो, याबद्दल संशोधकांत एकमत नाही, आणि आपल्या लेखात या मतभेदाचा उल्लेखही नव्हता. मेंदूच्या पृष्ठभागावरील पेशी आधी अवाजवी उत्तेजित होतात आणि खालच्या पेशींवर संदेशांचा मारा करून त्यांना थकवतात, असे मानणारा एक पक्ष आहे. डोक्यावरून चुंबकीय स्पंद देऊन केलेल्या तपासण्यांत रुग्णांमध्ये ही अतिउत्तेजना आढळलेली आहे. वाद कुठलाही असो, दोन्ही पक्षांचे बोट चेतासंधीवरच जाते.

या फटींच्या अवतीभवती, त्यांना बिलगून, सहायक पेशी असतात, आणि त्यांच्याविषयी लेखात एक अक्षर नव्हते. त्यांना ग्लिया म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रुडॉल्फ फिरशॉ यांनी हे नाव दिले तेव्हा त्यांच्या मनात चेतापेशींना चिकटवून ठेवणारी खळ होती. खळ म्हटल्यावर तिच्याकडे कोण लक्ष देणार! माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगत असे की या पेशी चेतापेशींच्या दसपट असतात. २००९ मध्ये मानवी मेंदूतील पेशींची मोजणी झाली तेव्हा चेतापेशी सुमारे ८,६०० कोटी आणि इतर पेशीही जवळजवळ तेवढ्याच निघाल्या. दसपट कुठून आले, देव जाणे. गंमत अशी की या पेशी आजाराच्या नावात पहिल्यापासून आहेत. ज्याँ-मार्टिन शार्को यांनी १८६९ पासून या रोगाचे वर्णन केले आणि १८७४ मध्ये त्याला ‘ॲमियोट्रोफिक लॅटरल स्क्लेरोसिस’ असे जे लांबलचक नाव दिले, ज्याचे एएलएस हे लघुरूप आपण एमएनडीच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारासाठी वापरतो, त्यातला ‘स्क्लेरोसिस’ म्हणजे मज्जारज्जूच्या कडेच्या पट्ट्यांना आलेला कठीणपणा. तंतू नाहीसे झाल्यावर सहायक पेशींनी तिथे जो व्रण धरला, तोच हा कठीणपणा. शार्कोंच्या बोटांना तो जाणवला, पण या पेशींचे कामकाज नीट समजायला पुढे शंभराहून अधिक वर्षे गेली.

त्यांतल्या ताराकृती पेशींचे, म्हणजे ॲस्ट्रोसाइटचे, एक काम आम्हा पार्लेकरांना चटकन समजेल असे आहे. पावसाळ्यात पाणी तुंबते ते प्रत्येक वेळी पाऊस जास्त झाला म्हणूनच असे नाही. भरतीच्या वेळी इर्ला उदंचन केंद्राचे पंप बंद राहिले तर नेहमीच्या पावसातही घरात पाणी शिरेल. चेतासंधीत ग्लुटामेट हे चेतवणारे रसायन दर संदेशाला सांडते आणि ते वेळच्या वेळी उपसून टाकण्याचे पंप या ताराकृती पेशींच्या भिंतीत असतात. एएलएसने दगावलेल्या रुग्णांच्या मज्जारज्जूत हा उपसा कमी झालेला असल्याचे १९९२ मध्ये आढळले आणि त्यातला एक विशिष्ट पंपच नाहीसा होत असल्याचे १९९५ मध्ये कळले. साचलेले ग्लुटामेट चेतापेशीला सारखे चेतवत राहते, तिच्यात कॅल्शियम शिरत राहते, आणि हालचालींच्या पेशींकडे कॅल्शियम बांधून ठेवणारी प्रथिने मुळातच तुटपुंजी असतात. डोळ्यांचे स्नायू हलवणाऱ्या पेशींकडे ती अधिक असतात. भावाची बोटे, मग हात, मग जीभ गेली, तरी डोळे शेवटपर्यंत हलत राहिले, आणि घरच्यांशी तो डोळ्यांनीच बोलत असे. त्यामागच्या कारणांपैकी हे एक असावे.

रिलुझोल ही १९९५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली गोळी याच ग्लुटामेटचे सांडणे कमी करते. तिच्याने चाचण्यांमध्ये आयुष्य दोन-तीन महिन्यांनी वाढले. उपसा वाढवायचाही प्रयत्न झाला. आपल्याकडे घरोघरी माहीत असलेले सेफ्ट्रियाक्झोन हे प्रतिजैविक उंदरांत तो पंप वाढवते असे दिसले, मोठ्या अपेक्षेने रुग्णांवर चाचणी झाली आणि २०१४ मध्ये जाहीर झालेल्या निकालात त्याचा उपयोग दिसला नाही. उंदराला जे लागू पडते ते माणसाला पडेलच असे नाही, हे या आजाराच्या संशोधनात अनेकदा अनुभवाला आले आहे. म्हणून पुढचे प्रयोगही तेवढ्याच सावधपणे वाचावेत.

२००३ मध्ये काही पेशी सदोष आणि काही निर्दोष असे मिश्र उंदीर तयार करण्यात आले. निर्दोष चेतापेशीभोवती सदोष शेजार असला की तिच्यातही बिघाडाची लक्षणे दिसत. उलट सदोष चेतापेशीला निर्दोष शेजार लाभला की ती अधिक काळ तग धरी. २००६ मधल्या प्रयोगात एसओडी-१ चा दोष केवळ चेतापेशींतून काढल्यावर आजार उशिरा सुरू झाला, आणि केवळ मायक्रोग्लियातून काढल्यावर तो सुरू झाला वेळेवरच, पण पुढे मंद गतीने सरकला. मायक्रोग्लिया म्हणजे मेंदू-मज्जारज्जूतल्या पहारेकरी पेशी. निदान त्या उंदरांत तरी आजाराची सुरुवात चेतापेशी ठरवत होती आणि त्याचा वेग शेजार ठरवत होता. एसओडी-१ चा दोष सर्व रुग्णांपैकी साधारण दोन टक्क्यांतच सापडतो, हा आक्षेप रास्त आहे. पण २०११ मधल्या एका प्रयोगात, दगावलेल्या रुग्णांच्या मज्जारज्जूतून मिळवलेल्या पेशींपासून ताराकृती पेशी वाढवून त्या निरोगी चेतापेशींसोबत काचेच्या बशीत ठेवल्या, तेव्हा हालचालींच्या चेतापेशी मेल्या. आणि त्या रुग्णांत ज्यांच्या घराण्यात हा आजार कधी नव्हता असेही होते. तंतूंवर वेष्टण घालणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट पेशी तंतूंना इंधनही पुरवतात आणि एएलएसमध्ये तो पुरवठा आटतो, हे २०१२ मध्ये पुढे आले. अशी एकेक पेशी आरोपीच्या पिंजऱ्यात येत गेली.

चेतापेशीला यातून निर्दोष सोडावे असे माझे म्हणणे नाही. जवळजवळ ९७ टक्के रुग्णांच्या पेशींत टीडीपी-४३ नावाचे प्रथिन केंद्रकातून बाहेर येऊन गोळा झालेले असते, हे २००६ पासून माहीत आहे. हे प्रथिन केंद्रकात नसले की काय बिघडते याचे एक उत्तर २०२२ मध्ये मिळाले. यूएनसी-१३-ए या जनुकाच्या संदेशात एक नको असलेला तुकडा शिरतो आणि त्यापासून व्हायचे प्रथिन तयार होत नाही. आता या दुसऱ्या प्रथिनाचे काम काय? चेतासंधीच्या काठावर रसायनाच्या पिशव्या सोडण्यासाठी सज्ज ठेवणे! म्हणजे केंद्रकातला बिघाडही शेवटी सांध्यावरच येऊन पोचतो. या जनुकाचा एक विशिष्ट प्रकार असलेले रुग्ण कमी काळ जगतात, हे आधीपासून दिसत होते, पण त्याचे कारण तेव्हा उमगले.

हे सारे लक्षात घेऊन आपल्या लेखातला दुसरा परिच्छेद पुन्हा वाचावा. पश्चिम उपनगरातल्या एका खासगी केंद्राने आम्हाला जे माहितीपत्रक दिले होते, त्यातही हीच भाषा होती: मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी. भावाने दुकानाची पागडी सोडून पैसे उभे केले, कण्यात तीन वेळा सुया टोचून घेतल्या, आणि दोन महिने आम्ही सगळे त्याचा अंगठा हलतो का ते पाहत बसलो. तेव्हा कुणी मला विचारायला हवे होते, किंवा मीच विचारायला हवे होते, की कण्यातल्या पाण्यात सोडलेली पेशी मज्जारज्जूत शिरून योग्य जागी रुजणार कशी, तिचा तंतू मनगट ओलांडून अंगठ्यापर्यंत किती काळात पोचणार, तिथे सांधा कोण जुळवणार, आणि ज्या शेजाराने आधीची पेशी मारली तोच शेजार हिला का जगू देईल. सहायक पेशींचा बिघाड आवरण्यासाठी पेशींचा उपयोग करता येईल का, यावर गंभीर संशोधन चालू आहे आणि ते व्हायला हवे. पण भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मूळपेशींचा (स्टेम सेल, म्हणजे याच ‘नव्या पेशीं’चा) असा वापर केवळ नोंदणीकृत चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात. जिथे आधी दरपत्रक हातात पडते ती चाचणी नव्हे, एवढी खूण वाचकांना पुरेल.

लेखासोबत स्टीफन हॉकिंग यांचे छायाचित्र होते. त्यांना १९६३ मध्ये निदान झाले आणि ते २०१८ पर्यंत जगले, हे खरे; मात्र बहुतेकांना लक्षणे दिसल्यापासून दोन ते पाच वर्षे मिळतात, आणि ते छायाचित्र पाहून कुटुंबे भलत्या हिशेबात राहतात. उलट हात झिजला म्हणजे एएलएसच, असेही नाही. तरुण मुलांत एकाच हातात झीज होऊन काही वर्षांनी थांबणारा हिरायामा आजार आपल्या देशात आढळतो. लहान वयात ऐकू कमी येण्यासोबत दिसणारा आणि संथ चालणारा एक प्रकार तर ‘मद्रास मोटर न्यूरॉन डिसीज’ याच नावाने जगभर ओळखला जातो. २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले टोफरसेन हे औषध फक्त एसओडी-१ चा दोष असलेल्यांसाठी आहे, त्यामुळे जनुकीय तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारणे योग्य ठरते. श्वासाला मदत करणारे, रात्री लावायचे बायपॅप यंत्र, गिळणे अवघड होऊ लागताच वेळेवर बसवलेली पोटातली नळी, फिजिओथेरपी या गोष्टींबद्दल लेखात दोन ओळी होत्या, आणि प्रत्यक्षात भावाला जो काही आराम मिळाला तो यांच्यामुळेच मिळाला. गिळणे व बोलणे फारसे बिघडलेले नसताना सुरू केलेल्या बायपॅपने आयुष्य कित्येक महिन्यांनी वाढते, हे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले आहे. रिलुझोलच्या तुलनेत हा लाभ लहान नाही, पण त्याची जाहिरात कोण करणार?

एक विनंती वैद्यकीय महाविद्यालयांसाठीही आहे. वर सांगितलेला २०११ चा प्रयोग मृतांच्या ऊती मिळाल्या म्हणूनच होऊ शकला. मेंदू आणि मज्जारज्जू मृत्यूनंतर काही तासांत काढून नीट जतन करावे लागतात. बंगळूरुच्या निम्हान्स संस्थेत अशी मेंदू-पेढी आहे. मुंबईत नेत्रदानासाठी सहा तासांच्या आत फोन करायचा असतो हे रस्त्यावरच्या माणसालाही ठाऊक असते आणि देहदानाचे अर्ज भरणारी कुटुंबे माझ्याच इमारतीत तीन आहेत. मात्र भाऊ गेला त्या रात्री त्याचा मज्जारज्जू कुणाच्या अभ्यासाला उपयोगी पडेल का, हे कुणाला विचारायचे ते आम्हाला माहीत नव्हते. इथल्या एखाद्या महाविद्यालयाने यासाठी एक फोन क्रमांक जाहीर केला, तर तो आपण पहिल्या पानावर छापावा.

आणि पुरवणीच्या पुढच्या अंकात दुरुस्ती म्हणून पुढील वाक्य द्यावे: ‘एमएनडीमध्ये हालचालींच्या चेतापेशी मरतात, परंतु त्याआधी त्यांचे स्नायूंशी आणि एकमेकींशी असलेले सांधे निकामी होऊ लागतात, आणि भोवतालच्या सहायक पेशी या ऱ्हासात सहभागी असतात, त्यामुळे केवळ नव्या पेशी सोडून हा आजार बरा होतो, असे आज कुणालाही म्हणता येत नाही.’ दुसरा परिच्छेद ज्या केंद्राच्या माहितीवरून लिहिला गेला, त्याच्याकडून मजकुरासाठी पैसे घेतले असतील तर तेही त्याच चौकटीत स्पष्ट करावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
विलेपार्ले (पूर्व), मुंबई